आधी काच, करंट आणि कोन. बल्ब सगळ्यात शेवटी

संपादक महोदय,

गळीत हंगामात मराठवाड्यातल्या दुपदरी रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. मागे रिफ्लेक्टर असेलच असे नाही. समोरून हेडलाइटमध्ये घरी बसवलेल्या पांढऱ्या एलईडीची कार आली की डोळे दिपतात आणि पुढची ट्रॉली दिसेनाशी होते. उजेड कमी पडतो ही कारवाल्यांची तक्रार खरी आहे, पण त्यावर बल्ब बदलणे हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो.

जुन्या गाड्यांत सर्रास असणाऱ्या एच-फोर बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक अप्परचे (लांबचा झोत) आणि एक डिपरचे (खाली झुकवलेला जवळचा झोत). डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे खालच्या दिशेचा प्रकाश अडतो आणि झोताची वरची कड कापल्यासारखी सरळ पडते, डावीकडे जरा चढती. बल्बमागचा रिफ्लेक्टर, म्हणजे दिव्यातला चकचकीत आरसा, त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीची चिप मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकली तरी कड फुटते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जवळचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून मालक खूश असतो, लांबचे मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसते.

60/55 वॅटऐवजी (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा) 100/90 वॅटचा बल्ब टाकणे त्याहून घातक. डिपरला एका बल्बमागे साडेचार अँपिअरच्या जागी साडेसात लागतात. तार तापते, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा चकचकीत थर करपतो. मग नवा बल्ब लावूनही उजेड येत नाही.

आता करायचे काय? आपल्याकडच्या उन्हाने हेडलाइटच्या काचेवरचा, म्हणजे खरे तर पॉलिकार्बोनेटवरचा, संरक्षक थर जातो आणि ती पिवळी पडते. आधी कडेने मास्किंग टेप लावा. पाणी टाकत 800, 1000, 1500, 2000 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने चालवा आणि दर नंबरला घासण्याची दिशा बदला. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टू-के यूव्ही क्लिअरचे (ऊन अडवणाऱ्या, दोन घटकांच्या पारदर्शक स्प्रेचे) दोन-तीन पातळ हात द्या. ते उघड्या जागेत, रासायनिक वाफेसाठीचा मास्क लावूनच मारा. थिनर किंवा पेट्रोलने पुसले तर बारीक चिरा पडतात. क्लिअर मारायचा असेल तर त्याआधी कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) लावू नका, पकड बसत नाही. टूथपेस्टने आलेली चमक टिकत नाही, कारण ऊन अडवणारा थर परत आलेलाच नसतो.

दुसरे, करंट. इंजिन आणि डिपर चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी होल्डरच्या डिपर टर्मिनलला लावा, बल्ब जोडलेलाच ठेवून. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर तार किंवा स्विच करंट खातो आहे. हॅलोजनला एक व्होल्ट कमी मिळाला की उजेड जवळपास पाव भागाने घटतो. अशा वेळी रिले बसवा, म्हणजे बारीक करंटने चालणारा आणि बॅटरीचा जाड करंट थेट बल्बला देणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात. बॅटरीपासून फ्यूजमार्गे 2.5 चौरस मिलिमीटरची तार 30 नंबरला, 87 वरून बल्बला, जुन्या होल्डरची डिपरची तार 86 ला आणि 85 अर्थला. अप्परसाठी वेगळा रिले. फ्यूज बॅटरीजवळच हवा, नाहीतर मधे तार घासून शॉर्ट झाली तर पेटते. बल्बची अर्थही जाड तारेने द्या. ती हटकून विसरली जाते.

शेवटी कोन. सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा, चालक सीटवर, झोत वर-खाली करणारे लेव्हलिंगचे बटण शून्यावर. भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी केली तर डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. नसेल तर हेडलाइटमागचे स्क्रू फिरवून ती जुळवा.

खासगी कारची नोंदणी 15 वर्षे चालते आणि तोवर तिचा झोत कोणी तपासत नाही. पीयूसीसाठी मात्र तीच गाडी ठरावीक काळाने केंद्रावर येते. परिवहन विभागाने त्या केंद्रांच्या भिंतीवर ही आखणी करून घ्यावी आणि हंगाम सुरू होण्याआधी झोत जुळवून देणे सक्तीचे करावे, ही विनंती.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, परभणी