मित्रास पत्र: शिबिराची तारीख रक्तपेढीला ठरवू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या सेवाकार्याची जबाबदारी यंदा तुझ्याकडे आली आणि वर्धापनदिनी पाचशे पिशव्यांचं रक्तदान शिबिर घ्यायचं सभेत ठरलं, हे कळलं. शिबिर जरूर घे. पण पाचशेचा आकडा आणि वर्धापनदिन या दोन्ही गोष्टी आधी बाजूला ठेव, मग पुढचं वाच.

रक्त साठवता येतं, पण फार दिवस नाही. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवल्या, तर पिशवीत पेशी टिकवणारं कोणतं द्रावण आहे त्यानुसार ३५ ते ४२ दिवस चालतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि साधारण ५ दिवसांत वापराव्या लागतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, तेवढा गोठवला की वर्षभर टिकतो. आता एका दिवसात पाचशे पिशव्या गोळा केल्यास आणि तिथल्या रुग्णालयांना महिन्याकाठी दोनशेच लागत असतील, तर उरलेल्यांचं काय होणार ते उघड आहे. शिवाय तेच पाचशे दाते पुढचे तीन महिने रक्त देऊ शकत नाहीत. दोन महिन्यांनी तुटवडा पडला की यादी हातात असूनही फोन करायला माणूस उरत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत रक्त द्यायला रांगा लागल्या. जखमींना त्यातलं फारच थोडं लागलं आणि पुढे मुदत संपलेल्या हजारो पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. भावना खरी होती, वेळ चुकली होती.

म्हणून पहिला फोन मांडववाल्याला नको, रक्तपेढीला कर. चार गोष्टी विचार: वर्षात साठा कधी खाली जातो, एका दिवसात किती पिशव्यांची तपासणी त्यांना झेपते, रक्ताचे घटक ते वेगळे करतात की नाही, आणि किती डॉक्टर, किती तंत्रज्ञ पाठवणार. तुटवडा बहुतेक ठिकाणी लांब सुट्ट्यांत आणि परीक्षांच्या दिवसांत पडतो, कारण नेहमीचे दाते तेव्हा जागेवर नसतात. माझं मत विचारशील तर दर दोन महिन्यांनी ऐंशी-शंभर पिशव्यांचं शिबिर, प्रत्येक वेळी यादीतला वेगळा गट, हे एका विक्रमी शिबिरापेक्षा केव्हाही बरं. त्याचा फोटो छापून येणार नाही, एवढाच तोटा.

यादी हे मंडळाचं खरं काम आहे आणि ते नवंही नाही. १९२१ साली लंडनमध्ये ब्रिटिश रेडक्रॉसच्या कँबरवेल शाखेचे मानद सचिव पर्सी लेन ऑलिव्हर यांना किंग्ज कॉलेज रुग्णालयातून तातडीने रक्तदाते हवे असल्याचा निरोप आला. ते काही सहकाऱ्यांना घेऊन गेले, त्यांतल्या एकीचं रक्त जुळलं. मग त्यांनी स्वयंसेवकांची नावं, रक्तगट, पत्ते अशी कार्डं तयार केली आणि घरच्या फोनवरून दाते पाठवायला सुरुवात केली. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला होता, तरी मागणी आणि माणूस यांची गाठ घालायला अशी साधी कार्डंच लागली. तुमच्या यादीत नाव, रक्तगट, मागच्या दानाची तारीख आणि पुढे कधी बोलावता येईल ती तारीख, एवढे चार रकाने पुरेत. ओ निगेटिव्ह दाते मात्र वेगळे काढून ठेव. त्यांच्या तांबड्या पेशी जवळजवळ कोणत्याही गटाच्या रुग्णाला चालतात, म्हणून गट तपासायलाही वेळ नसतो तेव्हा त्याच लागतात. त्यामुळे त्यांना शिबिराला सरसकट न बोलावता रक्तपेढी सांगेल तेव्हा बोलावणं शहाणपणाचं.

आता दिवसाचं गणित. प्रत्यक्ष रक्त जायला ६ ते १० मिनिटं लागतात. झोपवणं, शीर शोधणं, त्वचा साफ करणं, नंतर दाबून धरणं आणि उठवणं धरलं तर एका खाटेवर तासाला तीनच दाते होतात, फार तर चार. सहा खाटा म्हणजे तासाला वीसेक. सगळी मंडळं इथवर हिशेब करतात आणि थांबतात. पण वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, प्रश्नावली आणि डॉक्टरांशी बोलणं याला माणशी पाच-सहा मिनिटं नीट द्यायची, तर एक डॉक्टर तासाला दहा-बारा जणांपुढे जात नाही. खाटा सहा आणि डॉक्टर एक असला की निम्म्या खाटा रिकाम्या, बाहेर लांब रांग, आणि शेवटी कोणीतरी डॉक्टरांना ‘जरा लवकर आटपा’ म्हणतं. ते वाक्य कोणाच्या तोंडून निघू देऊ नकोस. खाट वाढवण्याआधी तपासणारा माणूस वाढव. आणि दात्यांना एकदम न बोलावता अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून दे. सकाळी उद्घाटनाला सगळे जमतात आणि दुपारी खाटांवर वारा झोपतो, हे त्याने टळतं. उद्घाटनाचं भाषण ठेवायचंच असेल तर रक्तदान सुरू असताना ठेव. पाहुण्यांसाठी खाटा अडवून ठेवायच्या नाहीत.

शंभर जण आले म्हणजे शंभर पिशव्या होत नाहीत. हिमोग्लोबिन कमी भरतं, कोणी प्रतिजैविकं घेत असतं, कोणी नुकताच दात काढलेला असतो, कोणी महिन्यापूर्वी गोंदवून घेतलेलं असतं. वय, वजन आणि दोन दानांमधलं अंतर यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून रक्तपेढीकडून त्यांचीच यादी घे आणि निमंत्रणासोबत पाठव. नाकारलेला माणूस ओशाळतो. त्याला तिथेच कोणी ‘का रे, काय झालं?’ विचारलं की तो पुन्हा येत नाही. कारण विचारायचं नाही, हा स्वयंसेवकांना पहिला नियम. हिमोग्लोबिन कमी निघालं तर डॉक्टरांचा लेखी सल्ला त्याच्या हाती पडला आहे ना, एवढं बघायचं. ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर शरीरातलं २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, लोह भरायला महिने लागतात. पाळी सुरू असलेल्या वयातल्या स्त्रियांच्या दोन दानांमध्ये जास्त अंतर ठेवतात ते म्हणूनच.

प्रश्नावलीचं टेबल कुठे मांडतोस याला मी मांडवापेक्षा जास्त महत्त्व देईन. लैंगिक संबंध, नशा, आजार असे प्रश्न असतात. मागे शेजारी, साहेब किंवा सासरे उभे असले की उत्तर खोटंच येणार. आड पडदा आणि रांगेपासून आवाज पोचणार नाही इतकं अंतर हवं. संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांत चाचणीत काहीच दिसत नाही, आणि त्या दिवसांत रुग्णाला वाचवतं ते फक्त दात्याचं खरं उत्तर. महागड्या भेटवस्तूंना माझा विरोध आहे तोही याच कारणाने. जागतिक आरोग्य परिषदेने १९७५ सालीच विनामोबदला, स्वेच्छेच्या रक्तदानाचा ठराव केला होता. बॅग, हेल्मेट, सोडतीचं तिकीट मिळणार म्हटलं की माणूस ते घ्यायला येतो आणि अडचणीचं उत्तर गिळतो. प्रमाणपत्र आणि एक बिल्ला द्या, पुष्कळ झालं. कार्यालयांतून ‘तुमच्या विभागाचे इतके झालेच पाहिजेत’ असा आग्रहही नको.

खाटेशी स्वयंसेवकांचं काम नाही, पण तिथे काय चाललंय ते त्यांना माहीत असावं. सुई टोचायच्या जागी औषध चोळून ते पूर्ण वाळू द्यावं लागतं, आणि मग तिथे बोट लावायचं नाही. लावलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिलं थोडं रक्त वेगळ्या छोट्या पिशवीत घेतात, कारण सुईबरोबर आलेले त्वचेवरचे जंतू त्यात अडकतात. मुख्य पिशवीत रक्त न गोठण्याचं द्रावण मोजून भरलेलं असतं, ३५० मिलिलिटरच्या पिशवीत साधारण ४९ आणि ४५० च्या पिशवीत ६३. ती सतत हलती राहिली पाहिजे, नाहीतर गुठळ्या होतात. हात हलल्याने सुई सरकली आणि रक्त अर्ध्यावर थांबलं की द्रावणाचं प्रमाण बिघडतं आणि पिशवी वाया जाऊ शकते. त्यामुळे हातात सुई असताना दात्याला गुच्छ देणं, त्याचा हात धरून फोटो काढणं बंद. फोटो अल्पोपाहाराच्या टेबलापाशी काढावेत, तेही विचारून.

भोवळ येते ती बहुतेकदा खाटेवरून उठताना किंवा नंतर खुर्चीत बसल्यावर. म्हणून सर्वांत हुशार स्वयंसेवक नोंदणीला नको, अल्पोपाहारापाशी ठेव. पहिल्यांदा देणारे, तरुण, कमी वजनाचे, रात्री न झोपलेले, उपाशी आलेले यांच्यावर डोळा हवा. चेहरा पांढरा पडणं, घाम, जांभया, एकाएकी गप्प होणं या खुणा दिसल्या की विचारत बसायचं नाही. तिथल्या तिथे जमिनीवर आडवं करायचं, पाय उचलून धरायचे, गर्दी हटवायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. बहुतेक जण काही मिनिटांत सावरतात, इजा होते ती पडताना डोकं आपटल्याने. म्हणून त्या जागी उंच स्टुलं, काचेची टेबलं, पायऱ्या नकोत.

मुळात हे टाळायचा सोपा उपाय आहे. दानाच्या आधी अर्ध्या तासात दात्याने अर्धा लिटर पाणी प्यायचं, आणि खाटेवर असताना पाय एकमेकांवर टाकून मांड्यांचे स्नायू पाच सेकंद आवळायचे, सैल सोडायचे, असं अधूनमधून करत राहायचं. नोंदणीलाच प्रत्येकाच्या हातात पाणी द्या, ‘तिकडे ठेवलंय’ म्हणून भागत नाही. दानानंतर निदान १५ मिनिटं बसवून ठेवायचं. तासाला वीस दाते म्हणजे एका वेळी पाच खुर्च्या भरलेल्या. सोबतची माणसं धरून दहा मांड. जाताना सांगायचं: पट्टी चार तास काढू नका, त्या हाताने दिवसभर जड उचलू नका, रक्त आलं तर हात वर धरून दाबा, आणि चक्कर वाटली तर गाडी बाजूला घेऊन आडवे व्हा.

वाहतुकीकडे कोणाचंच लक्ष नसतं. पिशवीतून प्लेटलेट काढायच्या असतील तर रक्त २० ते २४ अंशांवर ठेवून ६ ते ८ तासांत प्रयोगशाळेत पोचवून वेगळं करावं लागतं. सकाळी आठची पिशवी संध्याकाळी पाचला निघाली तर तिच्यातून प्लेटलेट मिळत नाहीत. रक्तपेढी दूर असेल तर दुपारी एक गाडी आधी निघेल असं ठरव. आणि पिशव्या थेट बर्फावर कोणी ठेवू नयेत. मदतीच्या उत्साहात हे हटकून कोणीतरी करतं, मग गोठून पेशी फुटतात.

तपासणीत काही दोष निघाला तर ते रक्तपेढीने दात्याला एकांतात कळवायचं असतं. मंडळाने ती माहिती मागायचीही नाही. मंडळाने दुसऱ्या दिवशी प्रत्येक दात्याला फोन करावा: हात काळा-निळा झालाय का, चक्कर आली का. सुजेला पहिल्या दिवशी थंड शेक पुरतो, मुंग्या किंवा वेदना वाढत असतील तर रक्तपेढीच्या डॉक्टरांकडे पाठव. त्याच फोनवर यादीतला पुढच्या तारखेचा रकाना भरून टाक.

घरी सर्वांना नमस्कार. रक्तपेढी काय म्हणते ते कळव, म्हणजे खाटा आणि वेळा यांचा तक्ता मिळून करू.

तुझा,
जुना मित्र