तक्रार पत्र: मुंबई–सिंगापूर विमानप्रवासाचा कालावधी आणि अंतर चुकीचं दाखवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीनं फोन ठेवला आणि लगेच "आपली तक्रार निकाली काढली आहे" असा मेसेज आला. ती निकाली निघालेली नाही, म्हणून लेखी देतो आहे.

तुमच्या ॲपवर मुंबईहून थेट विमान रात्री 11:30 ला निघून सकाळी 7:30 ला सिंगापूरला पोचतं, प्रवास 8 तास. परतीचं रात्री 8:00 ला निघून 11:00 ला मुंबईत, प्रवास 3 तास. चारही वेळा बरोबर, दोन्ही कालावधी चूक. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि तुमची सिस्टिम स्थानिक वेळा थेट एकमेकींतून वजा करते. जाताना अडीच तास कमी करा, येताना मिळवा. दोन्हीकडे साडेपाच तासच येतात.

हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, "सर, येताना वारा मागून असतो, म्हणून विमान लवकर येतं." पाच तासांचा फरक वाऱ्यानं पडतो का, असं विचारलं. "हो सर. तुम्ही जालन्याहून बोलताय ना? तिकडे विमानतळ नाही, म्हणून तुम्हाला कल्पना नसेल." गावाचं नाव ऐकून ग्राहकाची अक्कल ठरवायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

या मार्गावर वाऱ्यानं फार तर अर्ध्या तासाच्या आसपास फरक पडतो. तोही हिवाळ्यात उलट असतो, कारण तेव्हा उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि जाताना मदत करतात. मुंबई–सिंगापूर हवाई अंतर सुमारे 3,900 किलोमीटर आहे. ते 3 तासांत कापायला ताशी 1,300 किलोमीटर वेग लागेल. प्रवासी विमान ताशी 850 ते 900 नं उडतं. आवाजापेक्षा वेगवान असं काँकर्ड हे प्रवासी विमान 2003 सालीच बंद झालं.

अंतरही चूकच. ॲपवर 2,110 "किमी" लिहिलंय, ते सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. आकडा तसाच ठेवून पुढे फक्त एकक बदललंय. त्यामुळे 2,110 किमी 3 तासांत हे वाचणाऱ्याला पटतं आणि एक चूक दुसरीला झाकते.

नुकसान कुठे होतं तेही ऐका. कालावधी 7 तासांच्या आत अशी चाळणी लावली की जातानाची सगळी थेट विमानं यादीतून गायब होतात. त्याहून वाईट म्हणजे ॲप फोनच्या कॅलेंडरात निघायच्या भारतीय वेळेत 8 तास मिळवून उतरण्याची नोंद करतं. सिंगापूरला फोनचं घड्याळ बदलताच तीच नोंद 10:00 दाखवते. तिथल्या आमच्या घरच्यांनी ती पाहून गाडी 10 ची सांगितली आणि मधुमेह असलेली वयस्कर माणसं चांगी विमानतळावर अडीच तास ताटकळली.

दुरुस्ती एवढीच: दोन्ही वेळा आधी यूटीसीत (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) बदला, मग वजाबाकी करा. अंतराला 1.852 नं गुणा. कॅलेंडरात उतरण्याची नोंद तिथल्या टाइम झोनसह करा. आणि "वारा मागून असतो" हे उत्तर पुन्हा कुणाला देऊ नका.

तुमच्याकडून पुष्कळ वर्षं तिकिटं काढली ती भरवशावर. पंधरा दिवसांत दुरुस्ती आणि लेखी माफी आली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो. तेव्हा तुम्हाला जालन्यालाच यावं लागेल.

बुकिंगची प्रत आणि स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
जालना