तटबंदीच्या शहराची सहल वेशीबाहेरून सुरू व्हावी

संपादक महोदय,

वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांमध्ये युरोपातील तटबंदीच्या शहरांविषयी वरचेवर लिहून येते. परंतु एका दिवसाच्या सहलीत असे शहर पाहावे कसे, याचा विचार त्या लेखांत क्वचितच आढळतो. बहुतेक सहलींत प्रवाशांना मुख्य वेशीपाशी उतरवून दोन तासांची मुदत दिली जाते आणि तेवढ्या वेळात चौक, चर्च व भेटवस्तूंची दुकाने पाहून मंडळी परततात. ज्या तटाच्या बळावर ते शहर शतकानुशतके तगले, तो तट मात्र न पाहताच राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, वेशीतून आत शिरण्यापूर्वी तटाला बाहेरून फेरी मारावी. स्पेनमधील आविला शहराचा तट सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा आहे आणि तेथील कॅथीड्रलची अर्धगोल पिछाडी पूर्वेकडील तटातच बांधलेली आहे. आतून पाहणाऱ्याला ते केवळ प्रार्थनास्थळ वाटते. बाहेर उभे राहिल्यावरच तो एक भक्कम बुरूज असल्याचे ध्यानात येते.

दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन तर याच दृष्टीने सावकाश पाहण्याजोगे आहे. तेथे एकाबाहेर एक असे दोन तट असून त्यांवर मिळून ५२ बुरूज आहेत. दोन तटांमधल्या मोकळ्या पट्टीतून चालताना आतला तट जवळून निरखावा. लहान दगडांच्या थरांमधून लाल विटांच्या ओळी गेलेल्या दिसतात, ते रोमन काळातील काम होय. काही ठिकाणी हे जुने काम वर आणि मध्ययुगीन काम त्याच्याखाली, असा उलटा क्रम आढळतो, कारण तेराव्या शतकात ही पट्टी सपाट करण्यासाठी जमीन खोदली गेली, तेव्हा उघड्या पडलेल्या रोमन पायाला खालून बांधकामाचा आधार द्यावा लागला. एवढी गोष्ट ठाऊक असली, तरी त्या भिंतीपुढे अर्धा तास सहज निघून जातो. बुरुजांवरील निमुळती छपरे बरीचशी १८५३ पासून सुरू झालेल्या जीर्णोद्धारातली आहेत, हेही वाचकांना आधीच सांगितलेले बरे.

जर्मनीतील रोटेनबुर्गला छप्पर असलेल्या फांजीवरून, म्हणजे तटावरील चालण्याच्या वाटेवरून, फिरता येते. ३१ मार्च १९४५ रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्यात पडलेला तटाचा भाग पुढे देणग्यांतून उभारला गेला आणि देणगीदारांची नावे कोरलेले दगड त्या भिंतीत बसवलेले आहेत. ती नावे वाचत जाणे हा तेथील सहलीतला, माझ्या मते, सर्वांत मोलाचा भाग आहे.

म्हणून विनंती अशी की, अशा शहरावरील लेखासोबत एक चौकट द्यावी आणि तटाची लांबी, फांजीचा कोणता भाग खुला आहे, वर चढण्याच्या पायऱ्या कोठे आहेत व त्यांना कठडा आहे की नाही, बाहेरच्या फेरीला अंदाजे किती वेळ लागतो, तसेच परतीची शेवटची गाडी केव्हा सुटते, ही माहिती तीत असावी. गुडघे दुखणाऱ्या वाचकांसाठी बाहेरच्या वाटेवर चढउतार किती आहे, याचाही उल्लेख अवश्य व्हावा.

आपला नम्र,
एक वाचक