थाळी हॉटेलांनी लहान थाळीही ठेवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'एका थाळीत दोघांनी जेवू नये', 'ताटात अन्न टाकू नये', 'पार्सल मिळणार नाही'. अमर्याद थाळीच्या बहुतेक हॉटेलांत गल्ल्याजवळ या सूचना लावलेल्या असतात. एकेकटी वाचली तर प्रत्येक सूचना रास्तच आहे. पण वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसासाठी तिन्ही एकत्र आल्या की जेवणाची वाटच बंद होते. पैसे पूर्ण थाळीचे द्यायचे, खायचे त्यातले चार घास, उरलेले ना शेजारच्याला द्यायचे ना घरी न्यायचे, आणि वर अन्न टाकले म्हणून बोलणीही खायची. माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झालेली आहे. घरच्यांबरोबर बाहेर जेवायला जाणे मला पूर्वीइतकेच आवडते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. उरलेल्या अरुंद नळीत सुरुवातीला शंभर-दीडशे मिलीलिटर मावते, म्हणजे थाळीतली साधारण एक-दीड वाटी. पुढे थोडे जास्त जाते, पण पूर्वीचे पोट परत येत नाही. एवढ्याशा जागेत दिवसभरात किमान साठ ग्रॅम प्रथिने बसवायची असल्यामुळे जेवणाचा क्रमच बदलतो. आधी उसळ, पनीर, अंडे किंवा मासा, मग भाजी आणि जागा उरलीच तर पोळीचा चतकोर. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतरही अर्धा तास थांबायचे. घास अगदी बारीक चावून गिळायचा. घाई झाली की तो छातीच्या मधोमध अडकतो, तोंडाला पाणी सुटते आणि भरल्या टेबलावरून उठून बेसिन गाठावे लागते. ज्यांची जठराची बायपास (वजन कमी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया) झाली आहे त्यांना गोडाचीही धास्ती असते. वाटीभर श्रीखंड खाल्ले तर थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड आणि पोटात मुरडा.

आता थाळी हॉटेलातली वाढप पाहा. बसल्या बसल्या पाण्याचा पेला भरला जातो, ताटात फरसाण, ढोकळा आणि जिलबी पडते. मागोमाग पुऱ्या येतात. तीन भाज्या, आमटी, कढी. उसळीची वाटी त्यात एकच, तीही सर्वांत लहान. ताटावर हात आडवा धरला तरी फुलक्यावर तूप ओतून वाढपी पुढे गेलेला असतो. त्याचा दोष नाही, त्याला वाढायलाच ठेवले आहे. "आधी फक्त उसळ आणि दही द्या, बाकी नको," असे पहिल्यांदाच नीट सांगितले तर बहुतेक वाढपी मनापासून ऐकतात, हा माझा अनुभव आहे. अडचण होते ती गल्ल्यावर. एका हॉटेलात दरफलकावर लहान मुलांच्या थाळीचा कमी दर लिहिलेला होता. तीच थाळी मला द्या, पुन्हा काही वाढू नका, असे मी म्हटले. "ती मोठ्यांना मिळत नाही," एवढेच उत्तर आले. शस्त्रक्रियेचे कारण सांगितल्यावर रांगेतली माणसे वळून बघू लागली. आपल्या आजाराची कहाणी चारचौघांत सांगितल्याशिवाय कमी जेवण मिळू नये, हे मला मान्य नाही.

हॉटेलवाल्यांची बाजू मला समजते. जागेचे भाडे, गॅस, माणसांचे पगार हे सारे ताटामागे तेवढेच लागते, मग मी अर्धे खाल्ले काय आणि पूर्ण खाल्ले काय. शिवाय मला जेवायला जास्त वेळ लागतो. रविवारी दुपारी खुर्चीमागे पुढचे गिऱ्हाईक उभे असताना तर हे फारच जाणवते. म्हणून निम्मा दर मी मागत नाही. दोन-तृतीयांश दर घ्या, एकदाच वाढा, त्यात गोडाऐवजी उसळीची दुसरी वाटी द्या. कमी भूक असलेले ज्येष्ठ नागरिक आणि जपून खाणारे मधुमेही हीच थाळी आनंदाने घेतील. टाकले जाणारे अन्न वाचेल ते वेगळेच.

आपल्याकडे हे नवेही नाही. मुंबईत कटिंग चहा मिळतो, उडुपी हॉटेलांत हाफ राइस मिळतो. पाणीटंचाईच्या काळात पुण्यातल्या अनेक हॉटेलांनी अर्धाच पेला पाणी भरायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाइकांनी त्याचे स्वागतच केले. मालवणी खानावळीत तर माझी काहीच अडचण होत नाही. सुरमईची एक तुकडी सुटी मागवता येते, तेवढ्यात माझे जेवण होते आणि कुणी काही विचारत नाही.

ही मागणी चार-दोन लोकांची राहिलेली नाही. विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या नियमांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) 40 किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा 35 किंवा अधिक असून सोबत गंभीर आजार असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली ही शस्त्रक्रिया केवळ लठ्ठपणाचे कारण देऊन विम्यातून वगळता येत नाही. म्हणजे असे रुग्ण यापुढे वाढणारच. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थाचे उष्मांक आणि वाढपाचे प्रमाण मेनूवर छापणे 2022 पासून बंधनकारक झाले आहे. प्रमाण छापता येते, तर लहान प्रमाण विकताही येईल.

मुंबईतील 'आहार' ही हॉटेलमालकांची संघटना आणि पुण्यातील हॉटेल व्यावसायिकांची संघटना यांनी आपल्या सभासदांपुढे हा विषय ठेवावा, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी नवा कायदा नको, दरफलकावर एक ओळ पुरे: 'लहान थाळी, एकदाच वाढप, कोणत्याही वयाच्या ग्राहकास.'

– एक वाचक, पुणे