यंत्रावरच्या स्वेटरविषयी मृणालला पत्र

नाशिक,
१२ डिसेंबर

प्रिय मृणाल,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना उलटला आणि उत्तराला एवढा उशीर झाला, याची मनाला रुखरुख लागून आहे. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी इंटर्नशिप करते, तिथे शाळांच्या स्वेटरची घाई आता सरली असून पुढच्या हंगामाचे नमुने विणले जात आहेत, आणि मला ठेवले आहे ते याच सॅम्पल विभागात.

कॉलेजात आपण कपड्याचा विचार नेहमी कात्रीपासून सुरू करायचो. इथे पहिल्याच आठवड्यात ती सवय मोडावी लागली, कारण स्वेटरमध्ये कापड आणि आकार बरोबरच तयार होतात. मुंढ्याला उतार हवा असेल, तर कडेचा टाका शेजारच्या सुईवर सरकवतात आणि पुढची ओळ एका सुईने कमी होते. येवल्याला पैठणीच्या मागावर आपण पाहिले होते, तसे उभे धागे इथे आधी ताणून ठेवावे लागत नाहीत. एकच धागा डावीकडून उजवीकडे जातो आणि स्वतःच्याच फासांत अडकत कापड होतो. म्हणून ते अंगाबरोबर ताणते, आणि म्हणूनच मापाला चकवतेही.

मशीनवरच्या काकांनी एक सुई काढून माझ्या तळहातावर ठेवली. टोकाला आकडा आणि त्याखाली तांदळाच्या कणीएवढी, उघडझाप करणारी जीभ. सुई वर जाते तेव्हा जुना टाका जिभेखाली उतरतो, आकडा नवा धागा पकडतो, आणि सुई खाली येताना तोच जुना टाका जीभ मिटवून तिच्यावरून निसटतो. इंग्लंडच्या मॅथ्यू टाउनसेंडने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही सुई आजच्या संगणकावर चालणाऱ्या मशीनमध्येही त्याच तत्त्वावर काम करते, हे ऐकून मी कितीतरी वेळ ती उघडत-मिटत बसले होते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. १२ गेजच्या मशीनवर, म्हणजे इंचाला १२ सुयांच्या, मी मापासाठी नमुन्याची एक पट्टी विणून घेतली आणि ती मशीनवरून उतरताच मापली. १० सेंटिमीटरला ७२ ओळी भरल्या. तेव्हा ६० सेंटिमीटर उंचीसाठी ४३२ ओळींचा हिशेब मी लिहून दिला. पण मशीनखालचे रोलर कापड सतत खाली ओढत असतात, आणि तो ताण उतरलेल्या पट्टीत तसाच राहिलेला होता. धुऊन, वाफ देऊन, रात्रभर सपाट ठेवल्यावर त्याच १० सेंटिमीटरमध्ये ८० ओळी बसल्या, आणि माझा स्वेटर ५४ सेंटिमीटरचा झाला. रुंदी मात्र वाढली होती. पाठ, पोट आणि दोन्ही बाह्या, सगळे उसवून सूत पुन्हा कोनवर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या रिळावर, गुंडाळताना मला फार वाईट वाटले, काका रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “बाई, कापडाला आधी झोपू द्यायचं, मग टेप लावायचा.”

तेव्हापासून प्रत्येक पट्टीला मी तारीख, सुताचा काउंट, म्हणजे जाडीचा आकडा, आणि टाक्याची घट्टाई लिहिलेली चिठ्ठी टाचते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावत नाही. रेखाचित्र कितीही सुंदर असो, ही मोजणी ज्याला येत नाही त्याने स्वेटरचे डिझाइन करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्याला हे दुसऱ्या वर्षीच शिकवायला हवे होते.

गळ्याची पट्टी अजून मनासारखी येत नाही. लिंकिंगवर, म्हणजे विणलेले भाग टाक्याला टाका जोडणाऱ्या मशीनवर, तिचा एकेक टाका एकेका काट्यावर चढवावा लागतो, आणि एक जरी सुटला तरी धुतल्यावर तिथे भोक पडते. तुझ्या आईने विणलेल्या त्या मोरपंखी स्वेटरचा गळा इतक्या वर्षांतही सैल पडलेला नाही. जानेवारीत येशील तेव्हा तो घेऊन ये. त्याच्या रिबचे, म्हणजे गळ्याच्या उभ्या रेघांच्या विणीचे, टाके मला मोजायचे आहेत.

तुझीच,
अनघा