गणपतीला येत नाहीये, पण आधी सगळं वाचा

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू नुसतं "बरं" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असतास आणि मला पुढे बोलताच आलं नसतं, म्हणून लिहितेय. यंदा गणपतीला मी येत नाहीये. मोठी सुट्टी एकदाच मिळणारे आणि ती मी दिवाळीनंतर बाबांच्या डोळ्यांसाठी ठेवलीय, तीन आठवडे, तिकिटंही काढून झालीत. गौरी घरी येणार आणि मी नाही, याच विचारात चार रात्री काढल्यात गं. पण गणपतीत आले की पाहुणे, आरत्या, धावपळ, आणि ऑपरेशन परत पुढे. बाबा, दोन वर्षं तुम्ही हेच करताय.

हे नक्की कुठे ठरलं ते सांगते म्हणजे तुम्हाला पटेल. मागच्या शनिवारी आम्ही दोघं विगटाऊनला गेलो होतो. सुट्टी मोडली नाही, खर्चही फार नाही, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच नेली होती. आमच्या ग्लासगोहून गाडीने अडीच तास, स्कॉटलंडच्या पार दक्षिणेला खाडीच्या काठावर, हजारेक वस्तीचं गाव. वाटेत त्या पोटावर पांढरा पट्टा असलेल्या काळ्या गायी दिसल्या, आई, अगदी कमरेला उपरणं गुंडाळल्यासारख्या, तुला फोटो पाठवलेत.

बाबा, हे पुस्तकांचं गाव आहे! आपलं भिलार आठवतंय ना, २०१७ चा मे, नुकतंच सुरू झालं होतं, आणि तुम्ही त्या स्ट्रॉबेरीवाल्यांच्या ओसरीवर जे वाचत बसलात ते अंधार पडेपर्यंत, आईने तोवर त्या काकूंकडून लोणच्याची कृती घेतली. तसंच, फक्त तिथे घराघरात बसून फुकट वाचायचं आणि इथे जुनी पुस्तकं विकत घ्यायची. इथली डेअरी बंद पडली, मग शेजारच्या ब्लॅडनॉकची व्हिस्कीची भट्टीही १९९३ मध्ये थांबली, लोकांना कामं राहिली नाहीत, आणि १९९८ मध्ये याला स्कॉटलंडचं राष्ट्रीय पुस्तकांचं गाव केलं. गाव परत उभं राहिलं, भट्टीसुद्धा पुढे सुरू झाली. पुस्तकांवर गाव जगतं हे मला फार मोठं वाटतं, तुम्ही आयुष्यभर हेच म्हणत आलात.

सगळ्यात मोठं दुकान आहे त्यात लाखभर पुस्तकं आहेत म्हणे. आत खोलीतून खोली निघते, तुम्ही त्यात शिरलात तर जेवायला बाहेर येणार नाही. तिथे भिंतीवर गोळी घालून फोडलेलं एक किंडल टांगलंय, शिकारीचं मुंडकं टांगतात तसं. तुमचं किंडल कपाटाच्या खालच्या खणात आहे ना अजून? फोडू नका, त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, मी आले की शिकवते. आणि अजून एक दुकान आहे, ते एकेका आठवड्यासाठी भाड्याने मिळतं, वर राहायचं आणि खाली आपणच गल्ल्यावर बसायचं. ते ऐकून जावईबापू लगेच म्हणाले, बाबांना बसवू या इथे. नंबर लागायला खूप थांबावं लागतं, पण मी मनात धरून ठेवलंय.

दुपारी काही घाई नव्हती. चौकात मधोमध बाग आहे तिथे बसून दशम्या खाल्ल्या, मग मसुराचं सूप घेतलं, मांस नाही ना हे दोनदा विचारून, आई, आमटीच गं, फक्त फोडणी नाही. मग खाली दलदलीकडे चालत गेलो, फळ्यांची वाट आहे. तिथे एक दगडी खांब आहे. १६८५ मध्ये दोन बायकांना, दोघींचंही नाव मार्गारेट, राजाला चर्चचा प्रमुख मानायची शपथ घेईनात म्हणून भरतीच्या पाण्यात खुंटांना बांधून बुडवलं. एक म्हातारी, एक अठरा वर्षांची. म्हातारीला पुढे, खोल बाजूला बांधलं म्हणे, म्हणजे तिचे हाल बघून पोरगी तरी शरण येईल. ती आली नाही. आता समुद्र मागे हटलाय, नुसतं गवत आहे. मला तिथून लवकर हलवेना, का कोण जाणे तू आठवलीस, मी तापात असताना रात्रभर पाय चोळत बसायचीस ती. जावईबापू काही न बोलता शेजारी उभे राहिले. तिथेच मी म्हटलं, नोव्हेंबरलाच जाते, आणि ते म्हणाले, मग आजच तिकीट बघू. जूनमध्ये इथे दहा वाजेपर्यंत उजेड असतो, परत येताना गाडीतच बुकिंग झालं.

आता ऐका. डॉक्टरांशी मी परस्पर बोललेय, तारीखही घेतलीय, त्यावर चर्चा नको. आधी एक डोळा, दुसऱ्याचं ते नंतर ठरवतील. थेंब मी घालणार, वेळेवर, सोलापूरला झालं तसं परत नको. शुगर त्याआधी तपासून घ्या. गौरीचे मुखवटे काढायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, दादाला सांगितलंय, तो येऊन माळ्यावरून काढून देईल. आई, मोदक अकरा पुरे, बाकीचे बाहेरून आण, कोणी नावं ठेवत नाही, आणि ठेवली तर माझं नाव सांग. बीपीची गोळी उपासालाही घ्यायची. गौरीला माझ्या वाटची ती हिरवी साडी नेसव, पिशवी माझ्याच कपाटात आहे, आणि आरतीला मला व्हिडिओ कॉल लाव, इथे दुपार असली तरी मी उचलेन.

बाबा, विगटाऊनलाही पूर्वी रेल्वे होती, १९५० मध्ये प्रवासी गाडी बंद झाली. तुम्ही असता तर रूळ कुठून गेले होते ते शोधत फिरला असता. तुमच्यासाठी वाफेच्या इंजिनांचं एक जुनं पुस्तक घेतलंय, अक्षर अगदी बारीक आहे. पोस्टाने पाठवत नाही. पट्टी निघाली की हातात देईन.

शनिवारी फोन करते. मागच्या खोलीतला पंखा दुरुस्त झाला का?

तुमची,
छकुली