स्टेन्सिलवरचा ओ

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की रात्री जागून तू ‘स्टार ट्रेक’मधल्या माणसांच्या गोष्टी लिहितेस. आणि लगेच, "आई, कुणाला सांगू नकोस हं." तेव्हा मला पटकन बोलायला सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे ही अंतराळातली मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. अमेरिकेत ती सुरू झाली सप्टेंबर १९६६ मध्ये. त्यानंतर वर्षभरातच देव्रा लँगसम आणि शेर्ना कमरफोर्ड या दोघी चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ नावाचा अंक काढला. देव्रा ब्रुकलिनची. फक्त या मालिकेला वाहिलेला हा पहिला अंक. आत लेख, कविता, चित्रं, गोष्टी आणि मालिकेतल्या परग्रहवासी स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयचं शुभेच्छांचं पत्र. पुढे असे कितीतरी अंक निघाले आणि लिहिणाऱ्या, काढणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या.

हा अंक सायक्लोस्टाईलवर काढलेला. हे वाचलं आणि माझे हात आपोआप हलले गं. लग्नाआधी ऑफिसात मी चार वर्षं स्टेन्सिल कापलेत. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची, म्हणजे नुसता खिळा मेणकागदावर बसतो आणि अक्षराच्या आकाराची चीर पडते. हात हलका पडला तर अक्षर उमटत नाही. जोरात पडला तर इंग्रजी ओचं पोटच गळून पडतं आणि छापताना तिथे काळा ठिपका येतो. चूक झाली की लाल औषध लावायचं, फुंकर घालून वाळवायचं, मग त्याच जागी बरोबर अक्षर मारायचं. नंतर हँडल फिरवत पानामागून पान काढायचं. टेबलावर पानांचे गठ्ठे मांडून भोवती फिरत एकेक उचलायचं, ठोकून कडा सारख्या करायच्या, पिन मारायची. मी हे पगारासाठी करत होते आणि संध्याकाळी पाठ धरायची. त्या बायका आपापली कामं उरकून, पदरचे पैसे घालून हे करत होत्या. एखाद्या गोष्टीवर इतका जीव असणं लपवण्यासारखं कसं असेल?

मालिकेचे कर्ते जीन रॉडनबेरी यांनी १९६८ मध्ये ‘स्पॉकनेलिया’ला लिहिलं होतं की आमच्या नव्या लेखकांना हा अंक वाचणं सक्तीचं आहे. आणि याच वर्षी मालिका बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या नवरा-बायकोने प्रेक्षकांना पत्रं लिहायला लावली. एवढी पत्रं गेली की मालिका चालू ठेवतोय हे ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीला टीव्हीवरच जाहीर करावं लागलं.

मला सगळ्यात आवडली ती डोरोथी जोन्सची हकिकत. तिने स्पॉकच्या लोकांसाठी, म्हणजे व्हल्कनांसाठी, एक भाषा रचली. त्यातला एक शब्द ‘नि वार’. दोन निराळ्या गोष्टी, किंवा एकाच गोष्टीची दोन रूपं, समोरासमोर ठेवणारी रचना. एका चाहतीने मनाने घडवलेला शब्द! २०२० साली ‘स्टार ट्रेक’च्याच नव्या मालिकेत व्हल्कन आणि रोम्युलन, हजारो वर्षं दुरावलेले हे भाऊबंद, पुन्हा एकत्र नांदताना दाखवले, तेव्हा त्यांच्या ग्रहाचं नाव ठेवलं ‘निवार’. पन्नासहून जास्त वर्षं तो शब्द कुणी ना कुणी जपत आणला. तुझ्या रात्री लिहिलेल्या ओळींकडे बघताना हे लक्षात ठेव.

तू राहतेस त्या आयोवा सिटीत विद्यापीठाच्या ग्रंथालयात अशा अंकांचा मोठा संग्रह आहे. शनिवारी वेळ काढून जा. त्या काळातला कुठलाही सायक्लोस्टाईल अंक मागून घे आणि पान उजेडापुढे धर. मागच्या बाजूची शाई आरपार दिसते का बघ. मग त्यातले ओ बघ. किती जागी पोट गळलंय, त्यावरून बाईचा हात हलका होता की जड ते मला सांगता येईल. मोजून कळव.

आणि तुझी गोष्ट पाठव. कागदावर छापून, टपालाने. मला हातात धरून वाचायची आहे.

तुझी,
आई